गाडीचे चारही टायर बदलायचेत, महागडे घेऊ की स्वस्तातले चालतील?

आधी सांगा, गाडी अजून किती वर्षं ठेवणार आहात? वर्षभरात विकायचीच असेल तर महागडे टायर घालून उपयोग नाही, मधल्या रेंजमधले घ्या आणि मोकळे व्हा. पण चार-पाच वर्षं वापरणार असाल तर नुसती किंमत बघू नका, किमतीला अंदाजे किती किलोमीटर चालेल त्याने भागून बघा, बऱ्याचदा स्वस्त टायरच महाग पडतो कारण तो लवकर झिजतो आणि फिटिंग-बॅलन्सिंगचा खर्च परत होतो तो वेगळाच.

अगदी तळातले मात्र मी तरी घेणार नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की फरक कळतो. साइज गाडीच्या कंपनीने दिलीय तीच घ्या, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि स्पीड रेटिंग (टायर किती वेगापर्यंत चालतो ते अक्षर) कंपनीने दिलंय त्यापेक्षा कमी नको.

आणि हो, घेताना साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूच्या भागावरच्या) DOT कोडचे शेवटचे चार आकडे बघाच, त्यावरून टायर कधी बनलाय ते कळतं, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. डिस्काउंटमध्ये कधीकधी जुना स्टॉक खपवतात.

बजेट कमी असेल तर सध्या दोनच बदला, नवे मागे लावा (गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी, नसेल तर). पण ट्रेड, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली, 1.6 मिमीवर आली असेल तर थांबूच नका.