हेडलाईटच्या मागचे कपलर निघेनात, लॉक न मोडता कसे काढायचे?

पावसात डाव्या हेडलाईटच्या आत पाणी धरलंय, मारुतीची दहा-बारा वर्षं जुनी गाडी आहे, बंपर सैल करून बोल्ट सगळे काढले खरं मागचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे जोड, काय केल्या निघेनात, जोर लावला तर लॉक मोडेल म्हणून भ्या वाटतंय, असं तुम्ही विचारलंय. वाटणारच की. मी बेळगावात गाड्यांचं वायरिंगच करतो, आमच्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा हेडलाईटच्या कपलरचं लॉक आधीच कुणीतरी उडवलेलं असतंय आणि वरून काळी टेप गुंडाळलेली असते, मग चोर्ला घाटात धुक्यात गाडी खड्ड्यात आदळली की लाईट गुल.

मुख्य गोष्ट एकच, कपलर ओढायच्या आधी आत ढकला. बरेच जण काय करूलालेत, एका हातानं वायर धरून ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या नखानं लॉक दाबायचं. ओढल्यामुळं लॉक समोरच्या खाचेत आणखी घट्ट बसतंय, दाबलं तरी उचलत नाही, मग स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि काडकन मोडतंय. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी कशी काढतो आपण, दार आधी दाबून धरतो मग कडी सरकते, तसंच आहे हे. कपलर जरासा आत ढकला, तसाच धरून लॉक दाबा, आणि लॉक दाबलेलं ठेवूनच सरळ मागं घ्या. धरायचं ते कपलरचं प्लास्टिक, वायर नाही. वायर ओढली की आत पिनला जिथं ती दाबून बसवलेली असते तिथनं सुटते, बाहेरनं काहीच दिसत नाही, आणि नंतर लाईट कधी लागतोय कधी नाही, दोष हुडकत बसा.

सुरू करायच्या आधी किल्ली काढून ठेवा, लाईट चालू होता तर पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या कारण हॅलोजन बल्ब भयंकर तापतो, आणि दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. रेडिओचं सेटिंग जाईल म्हणून हे टाळतात लोक, जाऊ दे की, फ्यूज उडण्यापेक्षा स्वस्त आहे. मग मोबाईल मागच्या फटीत घालून फोटो काढा. हाताला लागतंय ते लॉकच आहे काय नुसतीच प्लास्टिकची पट्टी आहे हे अंदाजानं कळत नाही, फोटो मोठा करून बघितला की कळतंय.

आता तुमच्या गाडीत मागं बहुतेक तीन-चार जागी वायरी जातात, आणि सगळ्या एकसारख्या निघत नाहीत.

मोठ्या बल्बच्या मागं तीन पिनांचा कपलर असेल तर तो एच-४ बल्ब, ६०/५५ वॅटचा, आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत हाच जास्त. ह्याला बहुतेक वेळा लॉक नसतंच! लोक नसलेलं लॉक हुडकत बसतात. तो नुसता तीन पात्यांवर घट्ट बसलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं धरलेला असतो. दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी धरा, अगदी थोडं डावी-उजवीकडं हलवत सरळ मागं घ्या, पिळायचा मात्र नाही, पाती वाकतात नाहीतर बल्बची बैठक हलते. जागा नसेल तर नोज प्लायर चालतो, खरं त्यानंही कपलरच्या कडेलाच धरायचं.

पार्किंगचा आणि इंडिकेटरचा छोटा होल्डर असतो तो ओढायचाच नाही, होल्डर धरून घड्याळाच्या उलट दिशेनं साधारण पाव फेरा फिरवा, बल्बासकट बाहेर येतो. काही गाड्यांत मोठा बल्बसुद्धा असाच फिरवून निघतो, एच-११ किंवा एचबी-३ वाला, तिथं तर सोपं काम, बल्ब कपलरसकट फिरवून बाहेर घ्या आणि उजेडात निवांत लॉक दाबा. बल्बच्या काचेला बोट लावू नका तेवढं.

लॉकवाले कपलर म्हणजे लाईट वरखाली करायच्या मोटरचा, आणि काही गाड्यांत सगळ्या हेडलाईटचा मिळून एक असतो तो. ह्यात मधली जीभ, म्हणजे लॉकची लवचिक पट्टी, दाबायची जात सगळ्यात जास्त. दुसरीत जीभ दाबायची नसते, थोडी उचलायची असते, ती उलट दाबत बसलं की मोडते, म्हणूनच आधी फोटो काढायला सांगितलं. उचलायला अगदी बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या, जीभ गाठीवरनं सुटण्यापुरतीच उचला, त्याच्यावर एक केसभरही नाही. लाल किंवा पिवळी छोटी पट्टी दिसली तर ते लॉकवरचं लॉक, ती आधी मागं सरकवा, पूर्ण उपटून काढू नका, ती सरकल्याशिवाय खालची जीभ दबतच नाही आणि तिथंच जोर लावून लोक सगळं घालवतात.

ढकलूनही हलत नसेल तर बहुतेक मातीच अडकलेली असते. आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पाऊस आणि लाल चिखल, आणि तुमच्या निपाणी-चिकोडीकडं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागची धूळ, दोन्ही लॉकच्या फटीत जाऊन सिमेंट होतंय. जुन्या टूथब्रशनं झाडा, हवा मारा, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा, म्हणजे विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेचा, एक फवारा मारून दहा मिनिटं थांबा. पेट्रोल आणि थिनर अजिबात नको, आगीचं तर आहेच, प्लास्टिकही खराब होतंय. थंडीत सकाळी सकाळी हे काम काढू नका. जुनं प्लास्टिक गार असताना जास्त मोडतंय, घरातला हेअर ड्रायर जरा लांबनं फिरवला की नरम पडतंय. हीट गन नको.

एच-४ चा कपलर पिवळट-तपकिरी झालेला किंवा वितळून बल्बला चिकटलेला दिसला तर वाचवायच्या नादाला लागू नका. बऱ्याचदा आधीच्या मालकानं १००/९० वॅटचा बल्ब घातलेला असतो. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० ला ८ च्या वर जातात, आणि कंपनीची वायर-कपलर त्यासाठी केलेली नसते. वायरीसकट सिरॅमिक होल्डर मिळतो, तो जोडून घ्या, जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. लॉकच मोडलं असेल आणि पिना धड असतील तर कपलरवरनं आडवी केबल टाय मारली तरी बरीच वर्षं चालतंय, नुसत्या टेपचा गोंद मात्र उष्णतेनं सुटतो.

परत बसवताना पिनांवर हिरवं दिसलं तर ते साफ करा, रबरी सीलला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, टक आवाज येईपर्यंत दाबा आणि हलकेच ओढून बघा. एच-४ च्या मागं रबरी टोपी असते, तुमचं पाणी मला वाटतंय तिथनंच आत गेलंय, ती फाटली असेल तर नवीन घ्या, महाग नसते. टोपीवर बऱ्याचदा टॉप लिहिलेलं असतं ती बाजू वर यायला हवी, आणि टोपी बल्बच्या मानेला सगळीकडनं चिकटून बसली पाहिजे. बंपर बसवायच्या आधीच बॅटरी जोडून लो, हाय, पार्किंग, इंडिकेटर सगळं लावून बघा.

एवढं करूनही एखादा अडला तर त्याचा मागनं आणि बाजूनं असे दोन फोटो टाका, कुठल्या जातीचं लॉक आहे ते बघून सांगतो.