इझलिन नेमकं कुणाचं?

न्यू जर्सीतल्या तुमच्या घराच्या पत्त्यात इझलिन आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर वुडब्रिज टाउनशिप, मग आपलं गाव कोणतं, असं तुम्ही विचारलंत. बिलात चूक नाही. तुम्ही वुडब्रिजचे रहिवासी आहात. इझलिनला स्वतःचा मेयर नाही, कौन्सिल नाही, त्यामुळे कर लावायचा अधिकारही नाही. अशा वस्तीला 'अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी' म्हणतात. कोलोनिया, फोर्ड्स, ॲव्हनेल याही वुडब्रिजच्याच पोटातल्या.

या शब्दाचा अर्थ राज्यागणिक बदलतो, आणि खरा घोळ तिथेच आहे. न्यू जर्सीत सगळी जमीन ५६४ म्युनिसिपालिट्यांमध्ये वाटलेली आहे. बरो, टाउनशिप, सिटी, टाउन, व्हिलेज असे त्यांचे पाच प्रकार. त्यांच्याबाहेर जागाच उरत नाही, म्हणून इथे अनइनकॉर्पोरेटेड वस्ती कुठल्या तरी म्युनिसिपालिटीच्या आतच असते. टेक्सासमध्ये उलट. कॅटीचा पत्ता असलेली कितीतरी घरं कॅटी शहराच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे शहर नाहीच, थेट काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग), आणि पाण्या-ड्रेनेजसाठी बहुधा 'मड'चा, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा, वेगळा कर. मेरीलँडचं कोलंबिया तर लाखभर वस्तीचं, तरी कायद्याने शहर नाही. कारभार हॉवर्ड काउंटीचा.

सेन्सस ब्यूरोच्या यादीत इझलिन 'सीडीपी', म्हणजे 'सेन्सस-डेझिग्नेटेड प्लेस', म्हणून दिसेल. ती मोजणीपुरती आखलेली हद्द, तिला कायद्याने काही वजन नाही. पोस्टाचा झिप, म्हणजे पिनकोड, हा आणखी तिसराच नकाशा. टपाल वाटायला सोयीचं पडेल तसा तो आखलेला असतो.

आता जे मला सगळ्यांना पोटतिडकीने सांगावंसं वाटतं ते. झिप पाहून शाळा ठरवू नका. ०८५४० हा प्रिन्स्टनचा झिप, पण तो पत्ता असलेली घरं वेस्ट विंडसर, प्लेन्सबरोमध्येही आहेत. तिथली मुलं प्रिन्स्टनच्या शाळांत जात नाहीत. जाहिरातीत मात्र 'प्रिन्स्टन' एवढंच ठळक असतं, आणि लोक त्या नावासाठी लाखो डॉलर्सचा निर्णय घेतात.

ऑफर देण्याआधी एजंटकडून म्युनिसिपालिटीचं नाव आणि ब्लॉक व लॉट नंबर (टॅक्सच्या नकाशावरचा त्या जागेचा क्रमांक) लेखी घ्या. मग त्या टाउनशिपच्या टॅक्स असेसरकडे (करासाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी) आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात स्वतः फोन करून पत्ता तपासून घ्या.