चोर तुझ्या झोपेची वाट पाहत नसतो

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. युरोपात रात्रीच्या गाडीने पहिल्यांदाच जाणार, तेही एकटी, आणि प्रश्न एकच: "रात्रभर जागी राहू का?" अजिबात नको. रात्र जागून काढली की सकाळी अनोळखी स्टेशनावर डोकं चालत नाही, आणि ते चालायची गरज असते तेव्हाच. खुशाल झोप. कधी सावध राहायचं तेवढं सांगते.

चोराला तुझी झोप सोयीची असते, पण त्याहून जास्त हवा असतो गाडीचा थांबा. धावत्या गाडीत हात मारला तर तो पळणार कुठे? म्हणून त्याची कामाची वेळ म्हणजे गाडी सुटायच्या आधीची दहा मिनिटं आणि मधली मोठी स्टेशनं. दार बंद होता होता बॅग उचलायची आणि फलाटावर उडी टाकायची.

माझी बॅग गेली तेव्हा मी टक्क जागी होते. रात्रीचे आठ, गाडी सुटायला चार-पाच मिनिटं. मी खिडकीशी बसून सॅकचे पट्टे आवळत होते. बाहेरून एका माणसाने काचेवर टकटक केली आणि खाली रुळांकडे बोट दाखवायला लागला. चेहऱ्यावर अशी काळजी, की मला वाटलं आपलंच काहीतरी खाली पडलं. मी काचेला नाक लावून वाकून पाहिलं. मागे दार सरकल्याचा आवाज आला, तो सहप्रवाशाचा असेल म्हणून वळलेही नाही. वळले तेव्हा शेजारची छोटी बॅग नव्हती, आणि काचेबाहेरचा तो कनवाळू माणूसही नव्हता. कॅमेरा गेला, वही गेली. पासपोर्ट अंगावर होता म्हणून निभावलं. कॅमेरा पुन्हा घेता आला. वहीतले दोन महिने गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझा नियम असा: पासपोर्ट, एक कार्ड आणि थोडी रोकड कपड्यांच्या आत, झोपतानाही. उशीखाली ठेवू नकोस, सकाळी घाईत पांघरूण सारून उठतेस आणि पाकीट तिथेच राहतं. दुसरं कार्ड सामानात वेगळ्या जागी. गाडी उभी असताना काचेवर कोणी टकटक केली, कोणी वेळ विचारली, कोणी अंगावर काही सांडून पुसायला लागला, तर आधी हात बॅगेवर, मग उत्तर.

आता जागा कुठली घ्यायची. ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटसारख्या गाड्यांत साधारण तीन प्रकार असतात: बसायची सीट, चार किंवा सहा बर्थचं 'कुशेत' आणि एक ते तीन जणांची स्लीपर केबिन. सीट सगळ्यात स्वस्त, पण तिथे रात्रभर कोणीही येतं-जातं. पहिल्याच एकट्या प्रवासाला ती घेऊ नकोस, हे पैसे वाचवण्यासारखे नाहीत. कुशेतमध्ये फक्त बायकांचं कंपार्टमेंट मागता येतं, बुकिंग करताना तो पर्याय शोध. थायलंडच्या काही रात्रीच्या गाड्यांतही बायकांसाठी वेगळा डबा असतो. बर्थ मिळाला तर सगळ्यात वरचा घे. चढायला त्रास होतो खरा, पण युरोपातल्या बऱ्याच कुशेतमध्ये दाराच्या वरचा सामानाचा कोनाडा तिथूनच हाताला लागतो, आणि खालून जाणाऱ्याला तू सहज दिसत नाहीस.

दाराला बहुतेक दोन बंदोबस्त असतात. एक कुलूप, जे अटेंडंटकडच्या चावीने बाहेरून उघडतं. दुसरी साखळी किंवा खिट्टी, जी फक्त आतूनच निघते. रात्री दोन्ही लाव. मध्यरात्री कोणी ठोठावलं तर साखळी न काढता फटीतून बघ. पुढच्या स्टेशनावर चढणारा खरा प्रवासी असेल तर अटेंडंट त्याला घेऊन येतो. पोलीस म्हणून कोणी आला तर ओळखपत्र बघ. पासपोर्ट तपासणं समजू शकतं, पण तुझं पाकीट मागून नोटा मोजायला लागला तर तो पोलीस नव्हे. अमेरिकेत ॲमट्रॅक रेल्वेच्या 'रूमेट' नावाच्या छोट्या झोपायच्या खोलीच्या दाराला कडी फक्त आतून लागते, बाहेरून कुलूप नाही. जेवायला जाताना मौल्यवान वस्तू सोबतच न्याव्या लागतात.

पण कुलूप शिकताना ते उघडायलाही शीक, आणि अंधारात. ६ नोव्हेंबर २००२ च्या पहाटे पॅरिसहून म्युनिकला निघालेल्या गाडीच्या स्लीपर डब्याला फ्रान्समधल्या नान्सीजवळ आग लागली. सुरुवात झाली ती अटेंडंटच्या छोट्या स्वयंपाकाच्या जागेतून. १२ माणसं गेली, धुराने गुदमरून. घाबरवायला सांगत नाही. डब्यात शिरल्यावर दोन मिनिटं घाल: साखळी डोळे मिटून काढून बघ, दोन्ही बाजूंची दारं किती पावलांवर आहेत ते मोज, खिडकी फोडायची हातोडी कुठे टांगली आहे ते पाहून ठेव. बूट पायाशी एकाच जागी असू देत.

रात्रीच्या गाडीत गॅस सोडून प्रवाशांना बेशुद्ध करतात, ही कहाणी तुलाही कोणीतरी ऐकवेल. विश्वास ठेवू नकोस. भूलतज्ज्ञ सांगतात की माणसाला नकळत झोपवायला किती औषध, किती मोजूनमापून द्यावं लागतं. दाराच्या फटीतून ते जमत नाही. गुंगीचं औषध पोटातून जातं. अनोळखी माणसाने दिलेलं उघडं पेय घेऊ नकोस, मग तो कितीही गोड बोलो.

इथेच मला तुझी काळजी वाटते, कारण तू भिडस्त आहेस. भीड ही भिकेची बहीण, आणि रात्रीच्या गाडीत तर सख्खी. कोणाच्या नजरेने, वासाने, बोलण्याने जीव नको झाला तर कारण शोधत बसू नकोस. उठ, सामान घे, अटेंडंटला सांग, "मला दुसरा बर्थ द्या." उगाच तक्रार करते असं कोणाला वाटलं तर वाटू दे, त्या माणसाला तू पुन्हा भेटणार नाहीस. तू कुठे उतरणार, तिथे घ्यायला कोण येणार, हे सहप्रवाशांना खरं सांगायचं बंधनही नाही. मी तर कित्येक वर्षं सगळीकडे 'भाऊ घ्यायला येतोय' असंच सांगत आले, आणि भाऊ मला नाहीच.

काही गाड्या रात्रीत दुभंगतात. रोमहून सिसिलीला जाणारी गाडी समुद्र ओलांडायला चक्क बोटीवर चढवतात, आणि मेसिनाला तिचे काही डबे पालेर्मोला जातात, काही सिराकुसाला. जपानची सनराइज ओकायामाला वेगळी होते. म्हणून दाराजवळच्या पाटीवर आपला डबा कुठे जातो ते वाचूनच आत बस, आणि गप्पा मारत दुसऱ्या डब्यात झोपू नकोस. इस्तंबूल-सोफिया गाडीत काप्कुले सीमेवर मध्यरात्री पासपोर्टसाठी खाली उतरवतात. तिथे अंगावरचं पाकीट पुन्हा उपयोगी पडतं.

तिकिटाची तारीखही नीट बघ. ००:२० ची गाडी म्हणजे आदल्या दिवसाची रात्र. हे न कळल्याने माणसं चोवीस तास उशिरा पोहोचतात आणि मग बंद होत आलेल्या स्टेशनात रात्र काढतात.

आणि पोहोचायची वेळ. पहाटे तीनला उतरवणारी गाडी चुकूनही घेऊ नकोस, मग ती कितीही स्वस्त असो. शक्यतो सातनंतर पोहोचणारी शोध. ते जमलंच नाही तर राहायच्या जागी आधी कळव, आणि उजाडेपर्यंत स्टेशनातल्या उजेडात, कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात बस. अलार्म उतरायच्या चाळीस मिनिटं आधीचा लाव.

युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशात ११२ फुकट लागतो. ब्रिटनच्या गाडीत बोलायची सोय नसेल तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो. जपानमध्ये पोलिसांचा ११०, थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५. फोनमध्ये ठेवच, पण एका चिठ्ठीवरही लिही. फोनच चोरीला गेला तर तो कशात बघणार?

बर्थ पक्का झाला की गाडीचा आणि डब्याचा नंबर मला पाठव. आणि वही नेणार असशील तर रोज रात्री पानांचे फोटो काढत जा.

तुझी,
मावशी