संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त शब्दशः लिहावे की केवळ ठराव लिहावेत?

आपला प्रश्न असा आहे की, टॉवेल तयार करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत आपण नव्याने रुजू झाला आहात, संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि सभेत बोलले गेलेले सर्व लिहावे की केवळ ठराव, हे कोणी नीट सांगत नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कंपनीच्या कार्यालयात अनेक वर्षे हे काम करतो आहे, त्यामुळे अनुभवाने जे पटले आहे ते सांगतो.

शब्दशः लिहू नका, पण केवळ ठरावांवरही थांबू नका. इतिवृत्त हे सभेला हजर नसलेल्या माणसासाठी लिहायचे असते. चार वर्षांनी कर्जाची फाइल तपासणारा बँकेचा अधिकारी, लेखापरीक्षक किंवा पुढे संचालक होणारी घरातली पुढची पिढी, यांपैकी कोणालाही ते वाचून निर्णय काय झाला, तो का झाला आणि कोणी काय करायचे ठरले, एवढे कळले पाहिजे. कंपनी सचिवांच्या, म्हणजे कंपनीचे कायदेशीर कामकाज पाहणाऱ्या व्यावसायिकांच्या, संस्थेने संचालक मंडळाच्या सभांसाठी जे सचिवीय मानक, म्हणजे नियमावली, घालून दिले आहे, त्यातही इतिवृत्त म्हणजे संभाषणाची हुबेहूब नक्कल असण्याची गरज नाही, असेच म्हटले आहे. मजकूर तृतीयपुरुषी आणि भूतकाळात असावा, ठराव मात्र वर्तमानकाळात असावेत, हेही त्याच मानकात आहे.

नवख्या माणसाचे इतिवृत्त बहुधा "सूत खरेदीबाबत सविस्तर चर्चा झाली" अशा वाक्यापाशी अडते. या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "सुताच्या दरातील चढउतार लक्षात घेऊन पुढील ३ महिने खरेदी एकाऐवजी दोन पुरवठादारांकडून करण्याचे ठरले, दोघांची दरपत्रके खरेदी विभागप्रमुखांनी १५ तारखेपर्यंत संचालकांकडे पाठवावीत." कारण, निर्णय, जबाबदारी आणि मुदत या चारही गोष्टी त्यात आल्या. कोणाचा आवाज चढला, कोण मध्येच उठून गेले, कोणी जुने उणेदुणे काढले, हे त्यात येत नाही आणि येऊही नये. बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर वगळण्याचा अधिकार कायद्याने सभेच्या अध्यक्षांना दिलेला आहे. आपण तो परस्पर वापरू नये, त्यांना विचारावे.

विरोध मात्र वगळू नका, हे मी आग्रहाने सांगतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ नुसार संचालक मंडळाच्या इतिवृत्तात हजर संचालकांची नावे, तसेच प्रत्येक ठरावाच्या बाबतीत त्याच्याशी असहमत असलेल्यांची नावे असणे आवश्यक आहे. आपल्याकडील बहुतेक कंपन्या घरच्या असतात. काका अध्यक्ष, दोन पुतणे संचालक, अशा ठिकाणी "घरातली गोष्ट आहे, सर्वानुमते लिहून टाका" असे प्रेमाने सांगितले जाते. प्रत्यक्षात कोणी नकार दिला असेल तर ते लिहिणे ही त्या संचालकाप्रती आपली जबाबदारी आहे, कारण पुढे वाद उभा राहिला तर त्याच्या बाजूने बोलणारा तेवढाच कागद असतो. एखाद्या संचालकाच्या भावाच्या पेढीकडून सूत घ्यायचे असेल, तर त्या संचालकाने आपला हितसंबंध सभेत उघड केल्याची नोंदही तितक्याच काळजीने करावी.

सोलापूरची म्हणून एक अडचण आहे. एकाच सभेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषा कानावर येतात, आणि निर्णय अनेकदा भराभर तेलुगूत होऊन जातो. अशा वेळी पुढचा विषय सुरू होण्याआधी अध्यक्षांची परवानगी घेऊन "असे ठरले असे लिहू का?" म्हणून आपले वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. सुरुवातीला संकोच वाटतो, पण संचालकांना ही सवय आवडते, असा माझा अनुभव आहे. कित्येकदा वाक्य ऐकल्यावरच दोघांना वेगवेगळे समजले होते हे लक्षात येते.

वेळेचे बंधन कडक आहे. मसुदा सभेनंतर १५ दिवसांत सर्व संचालकांकडे पाठवावा, त्यांना सूचनांसाठी ७ दिवस द्यावेत आणि ३० दिवसांच्या आत अंतिम मजकूर इतिवृत्त वहीत नोंदवावा. मी स्वतः दुसऱ्याच दिवशी मसुदा लिहायला घेतो, कारण तोवर आपल्या त्रोटक नोंदींचा अर्थ आपल्याला लागत असतो. पृष्ठांना सलग क्रमांक असावेत, टंकलिखित कागद वहीत चिकटवू नयेत, प्रत्येक पृष्ठावर अध्यक्षांची आद्याक्षरे किंवा सही आणि शेवटच्या पृष्ठावर तारखेसह सही घ्यावी. सभा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायला विसरू नये.

वहीत एकदा नोंद झाली की ती खोडू नका, मग सांगणारा कितीही मोठा असो. चूक राहिली असेल तर पुढच्या सभेत संचालक मंडळाची स्पष्ट मंजुरी घेऊनच दुरुस्ती होते. इतिवृत्तात फेरफार केल्याचे सिद्ध झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार ते १ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, हे दबाव आणणाऱ्याला शांतपणे सांगता येते.

ज्या खासगी कंपनीचे भरणा झालेले भांडवल (भागधारकांनी शेअर्सपोटी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) १० कोटी रुपयांपेक्षा कमी आहे तिला पूर्णवेळ कंपनी सचिव नेमण्याची सक्ती नाही, म्हणून हे काम आपल्यासारख्यांकडे येते. तेव्हा पहिली काही इतिवृत्ते स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या एखाद्या कंपनी सचिवांना दाखवून घ्यावीत. इतिवृत्त वही कायमस्वरूपी जपायची असते. सभेची सूचना, विषयपत्रिका आणि सोबतची टिपणे किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात, म्हणून प्रत्येक सभेची स्वतंत्र फाइल पहिल्या सभेपासूनच लावावी.