पुण्यात सिंगल रूमच हवी, असं मुलगी म्हणते तेव्हा

गोव्यात पदवीचे निकाल लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. पुण्याला किंवा मुंबईला प्रवेश मिळतोय, पण मुलीला ठेवायची कुठे? हॉस्टेल, पीजी, की चौघींनी मिळून फ्लॅट? ते माझ्यापर्यंत पोचतात तोवर घरात बहुधा दोन तट पडलेले असतात. सत्तरी तालुक्यातल्या एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बीएस्सी करून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सीला निघाली होती. घरात आजी, काका-काकू, चुलत भावंडं. लहानपणापासून आजीच्या खोलीत झोपलेली. तरी तिचा हट्ट एकच, "मला सिंगल रूमच हवी." बाबा म्हणत, विद्यापीठाचं हॉस्टेल मिळालं तरच पाठवीन. आईला तर भाड्यापेक्षा तापाची काळजी. रात्री अंग तापलं तर उकड्या तांदळाची पेज करून देणारं तिथं कोण आहे?

मी तिघांना वेगवेगळं बसवून एकेक ओळ लिहायला सांगितली: कुठली एक गोष्ट तुम्ही सोडणार नाही? बाबांनी लिहिलं, रात्री गेटवर जबाबदार माणूस पाहिजे. आईनं लिहिलं, आजारी पडली तर कळवणारं कोणीतरी. मुलीनं लिहिलं, दार लावून घेता आलं पाहिजे. तिघांच्याही ओळीत हॉस्टेल, पीजी, फ्लॅट यातलं काहीच नव्हतं. भांडण मात्र त्याच शब्दांवरून चाललं होतं.

दार कशासाठी, हे मी तिला एकटीला विचारलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "मॅडम, मी बोलले की पुण्याच्या मुली हसतात." कॉलेजच्या एका स्पर्धेसाठी ती पुण्याला गेली होती. घरात कोकणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, असं तिचं बोलणं. जेवताना कोणीतरी तिच्या हेलाची नक्कल केली. त्यानंतर परतीच्या बसपर्यंत ती कोणाशी बोलली नव्हती. घरी यातलं काही सांगितलंही नव्हतं.

गोव्यातून बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलांमध्ये ही भीती मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि तिला कोणी क्षुल्लक म्हटलं की मला राग येतो. पण भीतीला खोली निवडू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. टाळलेली भीती वाढत जाते. सिंगल रूममध्ये ही मुलगी वर्गातून थेट खोलीत आली असती, डबा एकटीनं खाल्ला असता, आणि पुणेरी मुली हसतात हा समज खोटा ठरायला वावच उरला नसता. उलट "टाका सहा जणींच्या खोलीत, आपोआप शिकेल" हेही मला पटत नाही. न्हाणीघरासाठी रांग, दिवा कोणी विझवायचा यावरून वाद आणि वर ही धास्ती, हे सगळं एकदम नको. दोघी किंवा तिघींची खोली आणि एकटं बसायला ग्रंथालय, यावर ती तयार झाली. अट एकच घातली, पहिल्या सत्रापुरतंच. मला ती अट आवडली. पहिली खोली दोन वर्षांसाठी निवडायची असते असं मानल्यामुळेच घरोघरी एवढा ताण येतो.

मग व्यवहाराकडे वळलो. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा अर्जांपेक्षा कमी असतात. अर्ज भरायचाच, पण यादी लागेपर्यंत वर्ग सुरू झाले तर काय, याची सोय आधी हवी. रॅगिंगची धास्ती बाबांना जास्त होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम वसतिगृहालाही लागू आहेत, विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं आणि 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, हे सांगितल्यावर ते जरा सैल झाले.

पीजी किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, घेताना नुसतं भाडं विचारून चालत नाही. नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून आहे का, वीजबिल वेगळं का, सत्राच्या मध्येच सोडलं तर डिपॉझिटमधून किती कापणार, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे आधी विचारायचं. जाहिरातीतल्या "विद्यापीठापासून पाच मिनिटं" यावरही जाऊ नये. विद्यापीठाचा गणेशखिंडचा परिसर साधारण 400 एकरांचा आहे. गेटपासून आपला विभाग किती लांब, ते स्वतः चालून बघावं. फ्लॅट घेतलाच तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि फोटो बघून, खोली न पाहता टोकन म्हणून आगाऊ पैसे पाठवणं नको म्हणजे नकोच. आपल्या ओळखीतल्या कोणाचे तरी पैसे असे गेलेले असतातच.

बाप-लेक रात्रीच्या बसनं पुण्याला गेले. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. औंधच्या बाजूला तिघींची खोली असलेलं मुलींचं खाजगी हॉस्टेल त्यांनी पसंत केलं. तिथं राहणाऱ्या दोन मुलींशी मालकीणबाईंच्या माघारी बोलून घ्या, हा माझा सल्ला बाबांनी पाळला. पाणी किती वेळ येतं आणि बाई तापात डॉक्टरकडे नेतात का, हे त्या मुलींनीच सांगितलं.

पहिला महिना वाईट गेला. एक रूममेट रात्री दोनपर्यंत फोनवर बोलायची. मुलगी मला फोन करून रडली, "मला घरी यायचंय." मी तिला दोन वाक्यं तयार करून दिली: "मला सहाला उठायचं असतं. अकरानंतर बाहेर व्हरांड्यात बोलशील का?" तक्रार नाही, टोमणा नाही, सरळ मागणी. ती ही वाक्यं माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर म्हणून बघायची, आपल्याच हेलात. चौथ्या की पाचव्या खेपेला आवाज थरथरायचा थांबला. रूममेटनं ऐकलं, पूर्ण नाही, पण बरंचसं. हेलाबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. बोलली ती तिसरी, सोलापूरची मुलगी: "तू बोलतेस ते गोड वाटतं, पण हळू बोल, मला कळत नाही."

आईशी ठरलं होतं की फोन रोज एकदा, रात्री जेवणानंतर. सुरुवातीला आई दिवसातून पाच वेळा करायची आणि प्रत्येक फोननंतर मुलगी आणखी उदास व्हायची. ते कमी करायला आईला माझ्याकडे दोनदा यावं लागलं. मुलापेक्षा पालकाला घरी बसून धीर धरणं कठीण जातं, आणि त्यासाठी मदत मागण्यात काहीही गैर नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर पालकही बोलू शकतात.

गणपतीत, चवथीला ती घरी आली तेव्हा बाबांनी विचारलं, सत्र संपल्यावर सिंगल रूम बघायची का? ती म्हणाली, सोलापूरची मुलगी आणि ती मिळून दोघींची खोली बघताहेत, जरा महाग आहे, पण चहा करायला जागा आहे. बाबांनी करार नोंदवायला लागेल का, एवढंच विचारलं.