खटल्याचं राहू द्या, आधी तारण सोडवा

प्रश्न: सॉफ्टवेअर कंपनीत 16 वर्षं नोकरी करतोय. कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरल्यापासून शेअर पडलाय. खटला आज ना उद्या मिटेलच, मग आणखी शेअर घ्यावेत का? माझ्याकडे कंपनीचेच शेअर आहेत, साधारण 4 वर्षांच्या पगाराइतके. ते तारण ठेवून घरासाठी दीड वर्षाच्या पगाराइतकं कर्ज घेतलंय (तारण कर्जाच्या दुप्पट हवं, अशी अट आहे). त्यावरच आणखी अर्ध्या वर्षाच्या पगाराइतकं कर्ज मिळतंय.

उत्तर: खटला मिटेल, मान्य. मायक्रोसॉफ्टवरचाही मिटला. मे 1998 मध्ये अमेरिकी सरकारने तो भरला, जून 2000 मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम निघाला, जून 2001 मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला, मग तडजोड झाली. कंपनी शाबूत राहिली. पण डिसेंबर 1999 च्या उच्चांकी भावाला ज्यांनी शेअर घेतले, त्यांना तो भाव पुन्हा दिसायला जवळपास 17 वर्षं लागली. दोष एकट्या खटल्याचा नव्हता. मुळात भावच अवाच्या सवा चढलेला होता. तुमच्या पत्रात शेअरचा भाव कंपनीच्या नफ्याच्या किती पट आहे, याचा साधा उल्लेखही नाही, फक्त ‘मिटेल’ आहे.

पण मला खरी काळजी लागली ती कर्जाची.

नवं कर्ज घेऊन शेअर घेतलेत तर शेअर साडेचार वर्षांच्या पगाराइतके, कर्ज दोन वर्षांच्या. अटीप्रमाणे तारण चारच्या खाली जाता कामा नये. म्हणजे शेअर 11 टक्क्यांहून थोडा जास्त पडला की मार्जिन कॉल, म्हणजे ‘तारणातली तूट लगेच भरा’ अशी कर्ज देणाऱ्याची मागणी. 3 एप्रिल 2000 ला कोर्टाचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या विरोधात गेला, त्याच दिवशी शेअर 14 टक्क्यांहून जास्त घसरला होता. असा एक दिवस आला तर भरायला रोख कुठून आणणार? नाही भरलीत, तर कर्ज देणारा पडत्या भावात तुमचे शेअर विकून मोकळा होईल. कंपनीने नोकरकपात केली तर तीही त्याच सुमारास होणार. पगार, बचत आणि घर, तिन्ही एकाच खुंटीला टांगलंयत तुम्ही.

‘शेअर विकून कर भरण्यापेक्षा तारण ठेवा’ असं सांगून अशी कर्जं गळ्यात मारतात, आणि हे ऐकून मला संताप येतो. कर नफ्यावर लागतो. मार्जिन कॉल आला की नफा-तोटा कोण बघतं? शिवाय विक्री झाली की कर भरावा लागतोच!

नवं कर्ज घेऊ नका. कंपनीची ट्रेडिंग विंडो (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर विकायची मुभा असते तो काळ) उघडेल तेव्हा दीड वर्षाच्या पगाराइतके, आणि कर भरण्यापुरते थोडे जास्त, शेअर विकून कर्ज पूर्ण फेडा. तारण ठेवलेले शेअर विकायला कर्ज देणाऱ्याची परवानगी लागेल, ती आजच मागा. मग 6 महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला काढा. उरलेल्यातले निम्मे पुढच्या दोन-तीन विंडोंमध्ये विकून सगळ्या बाजाराच्या इंडेक्स फंडात (बाजारातल्या सगळ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेणाऱ्या फंडात) टाका. एवढं करूनही वर्षभराच्या पगाराइतके शेअर हातात राहतील. कंपनी खटला जिंकली तर आनंद मानायला तेवढे पुरेत.

आणि कर्ज फिटलं की तारण उठवल्याचं पत्र लेखी घ्या, फोनवरच्या ‘झालं साहेब’वर थांबू नका.