लेकीला जळालेल्या मृतदेहांच्या तपासात काम करायचंय

ताई, तुमची लेक बारावी सायन्सला आहे आणि तिला जळालेल्या मृतदेहांचा तपास करायचाय. ‘हे कसलं खूळ? नोकरी तरी लागेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

खूळ म्हणू नका. जाळलं की सगळं मिटतं, हा गुन्हेगारांचा भ्रम असतो. १९९५चं दिल्लीचं तंदूर हत्याकांड आठवा. नैना साहनींचा मृतदेह हॉटेलच्या तंदूरमध्ये जाळला होता. पहिल्या शवविच्छेदनात बंदुकीच्या गोळ्या सापडल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी एक्स-रे काढला, तेव्हा डोक्यात आणि मानेत त्या दिसल्या. ओळख पटली ती आईवडिलांच्या डीएनएवरून.

या कामात डोळ्यांना सहज फसायला होतं. उष्णतेनं स्नायू आखडतात, कोपर-गुडघे दुमडतात, मुठी वळतात. नवख्याला वाटतं, झटापट झाली असावी. कवटीच्या आत उष्णतेनं साकळलेलं रक्त डोक्याला मार बसल्यासारखं दिसतं. हाडं तडकतात, कातडी फाटते. यातली जखम कुठली आणि आगीची करामत कुठली, हे ओळखणं हीच खरी विद्या. श्वासनलिकेत काजळी असेल, तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. हाड आधी काळं पडतं, मग राखाडी, शेवटी पांढरं. पांढऱ्या हाडातून डीएनए मिळणं फार अवघड. अशा वेळी गालाआड राहिलेल्या दाढा कामी येतात.

आता नोकरीचं. ‘जळालेल्या हाडांचे तज्ज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. मुख्य पदवी आधी, ही आवड नंतर. मृत्यूचं कारण ठरवायचं असेल तर एमबीबीएस आणि मग न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. शवविच्छेदन डॉक्टरच करतात. माझं मत याच बाजूनं, कारण सरकारी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत या लोकांची गरज कायमची आहे. नीटमध्ये नाही जमलं, तर मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या शासकीय न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान संस्थेत बी.एस्सी. करून प्रयोगशाळेकडे वळता येईल. दातांत रस असेल तर बीडीएस, हाडांतच असेल तर मानवशास्त्र. मात्र तिथे जागा मोजक्याच. नव्या फौजदारी कायद्यानं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची सवलत देऊन. त्यामुळे मागणी वाढेल असं मला वाटतं.

ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सवर मात्र इतक्यात पैसे घालू नका. नीटचा फॉर्म भरा, आणि वास, दृश्यं, कोर्टातली उलटतपासणी हे सगळं सोसेल का, ते लेकीला स्पष्ट विचारा.